वाटी सरकली त्याची गोष्ट

बॅडमिंटन खेळताना अकरा वर्षांची लेक गर्रकन वळली आणि किंचाळून खाली बसली. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली होती. आई धावली, पण शेजारच्या कोर्टवरचा उंच माणूस आधी पोचला.

"हात लावू नका," आई कडाडली.

"फिजिओथेरपिस्ट आहे मी," तो म्हणाला आणि लेकीशी गप्पा मारत हलकेच तिचा पाय सरळ केला. वाटी जागेवर आली. "आता एक्स-रे काढून घ्या."

एक्स-रे ठीक निघाला. ऑपरेशन नको, पण वाटी पुन्हा सरकता कामा नये, असं सांगून डॉक्टरांनी व्यायामाची चिठ्ठी दिली ती नेमकी कोर्टवरच्या त्याच फिजिओथेरपिस्टच्या नावाची.

घटस्फोटानंतर लेकीला एकटीने वाढवणाऱ्या आईचा जीव टांगणीलाच असायचा. दर गुरुवारी व्यायामाला आल्यावर ती त्याला विचारायची — जिने चढू दे का, कुशीवर झोपू दे का... तो उत्तर देताना हसायचा, डाव्या गालाने जरा जास्तच. हे तिने कधी टिपलं, देव जाणे.

आठव्या गुरुवारी त्याने अंगठ्याने वाटी बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलली. "भीती वाटली तर पेशंट माझा हात धरतो. हीच तपासणी."

लेक जांभई देत होती. हात आईने धरला होता. घट्ट.

"गुडघा तिचा आहे," तो हळूच म्हणाला.

"हो... ते..." तिने हात सोडला, जरा उशिराच.

पुढच्या गुरुवारी त्याच्या जागी एक ताई. "सरांनी तुमची फाइल माझ्याकडे दिलीये."

आईची नजर दाराकडे गेली.

"कंटाळले असतील," लेक म्हणाली. "शिंकताना गुडघा धरायचा का, असं विचारलं होतंस तू."

आईने त्याला बाहेर गाठलं. "मी गप्प बसेन. पण माझ्यामुळे तिला सोडू नका."

"ताई माझ्याहून छान शिकवतात. तिची काळजी नको." त्याने कान खाजवला. "आमच्याकडे एक नियम आहे... आपल्या पेशंटच्या आईला कॉफीला विचारायचं नाही. म्हणून मग... ती आता माझी पेशंट नाही."

तिने दारातून आत पाहिलं.

आत लेक एका पायावर उभी होती. पाय लटपटत होता, पण वाटी जागची हलली नव्हती. आईचं पाऊल सवयीने आत वळलं.

"आई, जा ना," लेक आतूनच म्हणाली. "मी उभी आहे."

आई थांबली. मग त्याच्याकडे वळली. "तिचा व्यायाम संपायला वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली, "आणि मी कॉफी सावकाश पिते."