एका ठेक्याची भावंडं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मिस्त्री आपल्या कारखान्यात एका दाराच्या कडेला रंधा मारत होता. फोनवर बायकोचा भाऊ होता. "ये," एवढंच तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "घाई करू नकोस."

घाई करू नकोस म्हटल्यावर मिस्त्रीला कळलं. त्याने रंधा बाजूला ठेवला, अंगावरचा भुसा झटकला आणि उगाचच दाराच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. कड सरळ होती. मग तो निघाला.

दोन दिवसांनी घरात भेटायला आलेली माणसं हळू आवाजात बोलत बसली होती. भिंतभर उभ्या असलेल्या कपाटाकडे बघून कुणीतरी विचारलं, "एवढी पुस्तकं वाचायच्या त्या?"

"पुस्तकं नाहीत, तबकड्या आहेत," भाऊ म्हणाला. "रेगे नावाच्या परदेशी संगीताच्या. यांच्यामुळेच तर हा माणूस आमच्या घरात आला." आणि बोलता बोलता त्याला हसू फुटलं. त्याने तोंडावर हात ठेवला. पण मिस्त्रीकडे पाहिलं तर मिस्त्रीही हसत होता.

मिस्त्री आणि त्याच्या बायकोची गोष्टच तशी होती.

तेव्हा मिस्त्री तिशीच्या उंबरठ्यावर होता. हत्यारांची पेटी घेऊन एका इमारतीचा जिना चढत होता. वरच्या मजल्यावर एकांची खिडकी लागत नव्हती. मधल्या मजल्यावर एका बंद दारामागून धुम्... धुम्... असा आवाज येत होता, इतका खोल की कानाआधी पायांना कळावा. मिस्त्री क्षणभर थांबला. आणि तेवढ्यात त्या आवाजाच्या आत त्याला दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, लांबट, कण्हल्यासारखा. हा त्याच्या ओळखीचा होता. फळी मोडण्याआधी असाच आवाज करते.

"अहो, सरका!" तो बंद दाराकडे बघून ओरडला.

आत धडाधड काहीतरी कोसळलं. धुम् धुम् बंद पडलं. मग दार उघडलं. दारात एक मुलगी उभी होती. केसांत धूळ, चष्मा कपाळावर.

"तुम्ही सुतार?" तिने पेटीकडे पाहून विचारलं.

"हो."

"कमाल आहे. आत्ता कुठे पडलं. मी अजून कुणाला बोलावलंही नाही."

"मी वरच्यांकडे चाललोय. त्यांची खिडकी—"

"त्यांची खिडकी मी लहान असल्यापासून लागत नाही. आणखी तासभर नाही लागली तर काही आभाळ कोसळत नाही. आमचं कोसळलंय. या आत."

तो आत गेला. पुस्तकांसाठी केलेलं एक शेल्फ मधोमध मोडून पडलं होतं आणि जमिनीवर तबकड्यांचा डोंगर झाला होता. फुटलेल्या दिव्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खाली बसली, एक तबकडी कव्हरातून काढली, दोन तळव्यांमध्ये कडेने धरली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी करून पाहू लागली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. भिंगं तपासायचं काम. काच जपून धरणारी माणसं मिस्त्रीने पुष्कळ पाहिली होती. पण तबकडीशी बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं.

"लागलं का गं तुला?" ती तबकडीला विचारत होती. "नाही ना? शहाणी ती."

मिस्त्री खिडकीवाल्यांना विसरला तो विसरलाच.

"ही फळी पुस्तकांची आहे, ताई," तो म्हणाला. "हे वजन पुस्तकांचं नाही. मध्ये आधार नको का?"

"मग तुम्ही द्या आधार," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर बसवला. "म्हणजे... फळीला."

तबकड्या तिच्या मामाच्या. मामा मालवाहू बोटीवर होता आणि बंदराबंदरातून त्याने हेच एक वेड गोळा केलं होतं. घरातलं बाकी कुणी त्या संगीतासमोर पाच मिनिटं टिकत नसे. ही भाची मात्र लहानपणापासून स्पीकरला पाठ टेकून बसायची. मामा जाताना सगळं तिला देऊन गेला. तिचा मोठा भाऊ शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणायचा, "मामाने मला घड्याळ दिलं आणि हिला भूकंप."

मिस्त्री मापं घेऊ लागला. ती मागे उभी राहून सांगू लागली. तबकड्या उभ्याच ठेवायच्या. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. फार घट्ट कोंबल्या की काढताना कव्हर फाटतं. बाहेरच्या भिंतीला कपाट लावायचं नाही, पावसात ती भिंत ओल धरते. आणि खिडकीसमोर तर मुळीच नाही, उन्हाने तबकडीचा पापड होतो.

"सैल ठेवल्या तर?" त्याने विचारलं.

"तर एकमेकींवर कलतात. शेजारी उभं राहायचं, पण टेकायचं नाही."

"आणि कुणी टेकलंच तर?"

"वाकतं," ती म्हणाली, आणि हातातल्या तबकडीवर नसलेली धूळ पुसू लागली.

कपाट चांगलं झालं. वीतभर-दीड वीतभर अंतरावर उभे आधार, तळाला जाड फळी, मागे हवा खेळायला जागा. दारं तेवढी मागाहून लावायची होती. शेवटच्या दिवशी ती दुकानात होती, भाऊ शाळेत. किल्ली मिस्त्रीकडे होती. त्याच्या मनात आलं, नुसतं रिकामं कपाट काय दाखवायचं? खोलीत ठिकठिकाणी तबकड्यांचे लहान लहान गठ्ठे उभे करून ठेवले होते. त्याने ते सगळे उचलले आणि कपाटात लावले. मोठ्या तबकड्या मोठ्यांबरोबर, मध्ये मोठं भोक असलेल्या लहान तबकड्या लहानांबरोबर. लाल लेबलं एका खणात, निळी एका खणात. ज्यांच्या लेबलावर अक्षरही नव्हतं, अशा कोऱ्या पांढऱ्या तबकड्या सगळ्यांत खाली. लावून झाल्यावर तो लांब जाऊन उभा राहिला. आपल्या हातून इतकं देखणं काम कधी झालं नाही, असं त्याला वाटलं.

ती आली. दारातच थांबली. पिशवी हातातून खाली ठेवली आणि जमिनीवर बसली.

"छान... दिसतंय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मिस्त्री खूश झाला. आनंदाश्रू, त्याला वाटलं.

मागोमाग भाऊ आला. त्याने कपाट पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मिस्त्री, तुम्ही काय केलंत सांगू? गावातल्या सगळ्या घरांतली माणसं बाहेर काढलीत आणि उंचीप्रमाणे रांगेत उभी केलीत!"

मग तिने समजावलं. रेगेत एक ठेका जन्माला येतो. ढोल आणि त्याखाली चालणारा तो खोल बेस. त्याला ते लोक रिद्दिम म्हणतात. एकाच ठेक्यावर मग कितीतरी गायक आपापली गाणी गातात. कुणी प्रेमाचं, कुणी भांडणाचं, कुणी नुसतंच बडबडतं. गाणी वेगळी, पण सगळी एका आईची भावंडं. तिने तबकड्या तशा लावल्या होत्या. प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक कुटुंब. आणि कोऱ्या लेबलाच्या तबकड्या कुणाच्या कोण, हे तर ऐकल्याशिवाय देवालाही कळत नाही. तिने वर्षानुवर्षं ऐकून त्यांची घरं शोधली होती.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी लावून देतो परत."

"कसं लावणार? त्याला कान लागतो."

"दोन आहेत की."

"बघू या, त्यातला एक तरी चालतो का," ती म्हणाली. डोळे अजून ओले होते, पण ओठांचा कोपरा हलला होता.

दुसऱ्या दिवसापासून काम आटपून तो येऊ लागला. कपाटातल्या तबकड्या पुन्हा बाहेर ढिगात आल्या होत्या. त्यातली एक ती लावायची, तो ऐकायचा. पहिले काही दिवस त्याला सगळं सारखंच वाटे.

"हा जो वाजवतोय ना," तो म्हणाला, "याचा एक घाव चुकतोय. जिथे हातोडी पडायला हवी तिथे पडतच नाही."

ती इतकी हसली की तिला सुई उचलून ठेवावी लागली. "चुकत नाही हो तो. थांबतो. ती मोकळी जागा आहे ना, तिच्यासाठीच तर सगळं चाललंय. परत ऐका."

तरी त्याला जमेना. मग एकदा ऐकता ऐकता त्याने सवयीने कपाटाच्या बाजूवर तळवा टेकवला, आणि चपापला. लाकूड बोलत होतं. बेसची चाल फळीतून हातात येत होती. एक पाऊल, दोन पावलं, थांबणं, वळणं.

"ही... कालच्या त्या जाड आवाजाच्या माणसाची बहीण आहे," तो हळूच म्हणाला.

तिने उठून आपलाही तळवा शेजारी टेकवला. दोघांच्या हातांमध्ये बोटभर अंतर होतं.

"बहीण नाही," ती म्हणाली. "हळू चालते. चुलत बहीण असेल." आणि मग त्याच्याकडे बघत, "पण घर बरोबर ओळखलंत."

मिस्त्रीला तिचं नवल वाटायचं. तबकडीचे पहिले दोन ठोके पडले की ती खण सांगायची. कोमट पाण्यात मऊ फडका बुडवून लेबलाला थेंब न लावता तबकडी धुवायची. जुनी, खरखरीत आतली पाकिटं काढून नवी मऊ घालायची, पण जुनं पाकीट फेकायची नाही. त्यावर कुण्या दूरच्या माणसाने काढलेली फुली असली तरी जपायची. आपण लाकूड इतक्या मायेने कधी हाताळलं का, असं त्याला वाटे. आणि मग तो कारखान्यात जाऊन फळ्या जपून ठेवू लागे.

एका संध्याकाळी बाहेर झिमझिम पाऊस होता. भाऊ आतून वह्या तपासता तपासता म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू? पहिल्यांदा आलात तेव्हा वाक्यावाक्याला ताई म्हणत होतात. हल्ली काहीच म्हणत नाही. जीभ दुखावली का?"

मिस्त्रीने घाईने एक तबकडी उचलली. तिने दुसरी उचलली. दोघांनी त्या एकाच वेळी लावायला नेल्या आणि दोघांची बोटं एकमेकांवर आपटली.

"तुमची आधी," ती म्हणाली.

त्याने लावली. तळवा फळीला टेकवला. दोन ठोके... आणि त्याने तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"ही झालीये आपली."

"छे."

"झालीये. वरून दुसरा खण. ही ऐकताना तुमचा चहा सांडला होता. तुम्ही माझ्या रुमालाने पुसलात."

ती कव्हराची कड सरळ करू लागली. "एखादी राहते चुकून..."

"परवाही एक राहिली होती. त्याच्या आदल्या दिवशी दोन." त्याने फळीवरून हात काढला. "खणात लावलेल्या तबकड्या कुणीतरी रोज काढून परत ढिगात घालतं."

तबकडीवरचा गायक बोलत राहिला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"झाले बरेच दिवस."

"मग बोलला का नाहीत? रोज येऊन तेच तेच ऐकत बसलात!"

"कपाटाला दारं लावायची राहिलीत ना..." तो फळीकडे बघत म्हणाला.

"हो. लाकूड मिळत नाहीये म्हणालात."

"दारं तयार आहेत. तेव्हापासूनच. कारखान्यात उभी करून ठेवलीत."

तिने वर पाहिलं. चष्म्यामागे तिचे डोळे मोठे झाले होते. "लबाड!"

"आणि तुम्ही?"

"मी पण," ती म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ढीग संपला असता तर तू आला असतास का?"

ती 'तू' म्हणाली हे त्याला तळव्यातून कळावं तसं कळलं. "ढीग नसता तरी आलो असतो," तो म्हणाला. "पण काय सांगून येऊ, ते सुचत नव्हतं."

"आता सुचलं?"

"आता... नुसताच येतो. चालेल?"

"रोज?"

"रोज."

आतून भाऊ ओरडला, "दोघांचं ठरलं असेल तर ती तबकडी उलटा रे कुणीतरी! संपून खरखरतीये केव्हाची!"

दारं लागली. लग्न झालं. कपाट मिस्त्रीच्या घरी आलं, आतल्या भिंतीला, खिडकीपासून लांब. ती त्याला चारचौघांत आयुष्यभर 'अहो मिस्त्री' म्हणत राहिली आणि रागावली की 'उंचीप्रमाणे लावणारे'. तिच्या कानाची कीर्ती पसरली. दूरदूरचे शौकीन कोऱ्या लेबलाच्या तबकड्या घेऊन यायचे. ती दोन ठोके ऐकून त्यांचं कूळ सांगायची आणि माणसं थक्क होऊन जायची. मिस्त्री तेव्हा दाराशी उभा राहायचा. आपल्या बायकोकडे असं कुणी बघत असलं की त्याला स्वतःचीच उंची वाढल्यासारखं वाटे.

ती आजारी पडली त्याच्या थोडं आधी मामाच्या एका जुन्या सोबत्याच्या घरून एक खोकं आलं होतं. सगळ्या कोऱ्या तबकड्या. दोघांनी मिळून ऐकायला सुरुवात केली. पुढे तिला बसवेना, तेव्हा दार उघडं ठेवून ती अंथरुणातून सांगायची, "खालून तिसरा खण... शेवटी." आणि तो तिथे ठेवायचा. कधी ती मुद्दाम म्हणायची, "तू सांग." तो तळवा टेकवून सांगायचा. चुकला तर ती म्हणायची, "परत ऐक. घाई कुणाला आहे?"

माणसं येऊन गेली. घर शांत झालं. काही दिवसांनी भाऊ म्हणाला, "खोक्यातल्या उरलेल्या आपण एका रिकाम्या खणात ठेवून देऊ या का? निदान उभ्या तरी राहतील."

"नको," मिस्त्री म्हणाला. "त्यांची घरं आहेत."

हल्ली भाऊ संध्याकाळी येतो आणि समोर बसून राहतो. ज्याला पाच मिनिटं सोसवत नसे, तो पूर्ण बाजू ऐकतो. मिस्त्री एक एक तबकडी धुतो, पुसतो, लावतो आणि फळीला हात टेकवतो. काहींची भावंडं त्याला सापडली. काहींची त्याने तीन-तीनदा ऐकूनही सापडली नाहीत. कदाचित ती नवीनच कुटुंबं असतील. कदाचित त्याचा हात तिच्या कानाइतका चांगला नसेल. विचारायला आता कुणी नाही.

खोक्यातल्या निम्म्या तबकड्या अजून लावायच्या राहिल्या आहेत.