दोरीवर वाळत घातलेले हातमोजे

संगमनेरहून साकूरच्या रस्त्याला लागलं की पठार सुरू होतं. त्या बाजूच्या अकरा वाड्या माझ्याकडे आहेत. मी गुरांचा डॉक्टर, दूध संघाच्या नोकरीत, चौदा वर्षं झाली. सकाळी साडेसातला मोटरसायकलच्या पेटीत औषधं भरून निघतो. कुठे गाय माजावर आलेली असते, कुठे कास सुजलेली, कुठे व्याल्यावर वार अडकलेली. दुपारपर्यंत पंधरा गोठे होतात.

पाच वर्षांपूर्वी संघाने गोठा सांभाळणाऱ्या बायकांना हातमोज्यांचं प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या गाईपासून माणसाला ताप लागतो आणि तो महिनोन्महिने अंगात राहतो. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. घालायच्या आधी हवा भरून मोजा फाटलाय का बघा. काढताना पहिला मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा करत काढा आणि दुसऱ्या मुठीत ठेवा. मग मोकळं बोट दुसऱ्याच्या आतून सरकवा, म्हणजे तोही उलटा होऊन पहिला त्याच्या पोटात जातो आणि घाण सगळी आत राहते. मग चुन्याच्या खड्ड्यात. धुऊन पुन्हा वापरायचा नाही, कारण डोळ्यांना दिसत नाहीत अशी भोकं पडलेली असतात.

पहिल्या रांगेत रुपाली बसली होती. छबूबाईंची सून, पंचविशीतली, नऊ गाई एकटीने बघायची. नवरा गोरक्ष दुधाच्या टेम्पोवर असायचा. तिने हात वर करून विचारलं, "डॉक्टर, बोटाला विळा लागलेला आसंल तर?"

"आधी पट्टी, वरून मोजा."

तिने पहिल्याच खेपेला दोन्ही मोजे असे काढले की तळव्याला काही लागलं नाही. पुढे वाडीतल्या बाकीच्या बायकांना तिनेच शिकवलं.

दोन वर्षांनी रुपालीच्या घरची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि अजून तीन वाड्या बाकी होत्या. पेटीत नवीन मोज्यांची एकच जोडी उरली होती. ती मी घातली. वासरू आणि वार उचलून पुरायला रुपाली पुढे झाली.

"मला?" तिने विचारलं.

आदल्या गोठ्यावर वापरलेली जोडी पिशवीत होती. ती काढून मी तिच्यापुढे धरली. "हे धुऊन घाल. एवढ्याने काही होत नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हौदावर जाऊन मोजे धुतले. तिच्या उजव्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली मला दिसली होती. तिला दिवस गेले होते, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. मी निघालो तेव्हा काम उरकून तिने मोजे परत धुतले होते आणि गोठ्याच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातले होते. तेच पुढचे आठ-दहा दिवस ती वापरत होती, असं मागाहून कळलं.

महिन्याने ताप आला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. टायफॉइड म्हणून औषधं झाली. मूल पोटातच गेलं. खरं दुखणं कळेपर्यंत ते हृदयापर्यंत पोचलं होतं. दिवाळीच्या आधी नाशिकच्या दवाखान्यात ती गेली. मी दहाव्याला गेलो, मागे उभा राहिलो आणि परत आलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतल्या कारभारीच्या गोठ्यावर पहिल्यांदा ते दिसलं. आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गाय तपासली होती, मोजे काढून, गाठ मारून खड्ड्यात टाकले होते आणि वर चुना पसरला होता. दुसऱ्या दिवशी ते दोरीवर होते. सरळ केलेले, प्रत्येक बोट मोकळं केलेलं, चिमटे लावलेले. चैत्रातलं बारा वाजताचं ऊन होतं आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"कारभारी, हे उकरून कशाला काढले?"

"म्या कशाला काढू? मला वाटलं तुमीच धुऊन ठिवलं."

मी त्याच्यावर चिडलो. मग आठवडाभराने दुसऱ्या वाडीत तेच. मग तिसरीत. माणसं वेगळी, गोठे वेगळे, दोरी मात्र प्रत्येक ठिकाणी होती. विचारलं की सगळे कारभारीसारखंच बोलायचे. नंतर मी विचारणं सोडलं.

मी मोजे कापून टाकायला लागलो. कात्रीने दहाही बोटं छाटायची, मग खड्डा. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी एका गोठ्यावर तीच जोडी दोरीवर होती. छाटलेलं प्रत्येक बोट जागच्या जागी लावून सुतळीच्या धाग्याने बांधलेलं होतं. गाठी बारीक होत्या, नेटक्या, घाई न करता मारलेल्या. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. भीती वाटली असं म्हणता येणार नाही. कुणी तरी सांगितलेलं काम मन लावून करत होतं आणि सांगणारा मी होतो.

या वर्षी फेब्रुवारीत छबूबाईंचा फोन आला. दोन वर्षं त्या घरचा फोन आला की मी सहकाऱ्याला पाठवत होतो. त्या दिवशी तो रजेवर होता.

"गाईची वार आडकलीय. कालपासून वैरनीला तोंड लावंना," त्या म्हणाल्या.

दहाच्या सुमाराला पोचलो. गोठा स्वच्छ झाडलेला होता. गोरक्ष टेम्पो घेऊन गेला होता, घरी छबूबाई एकट्याच होत्या. त्यांनी गाईचं दावं धरलं. मी नवं खोकं फोडलं, दोन्ही मोज्यांत हवा भरून पाहिली, ते घातले आणि उजव्या हातावर खांद्यापर्यंतचा लांब मोजा चढवला.

"बाई, मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "तीन वर्षं राहिलंय."

"मला ठाव हाय."

त्या गाईच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"त्याच दिशी मी तिला म्हनले, आगं वापरल्यालं कशाला घालतीस. तर म्हनली, डॉक्टरांनी दिलंय, त्यांना आपल्यापरीस जास्त कळतंय."

"चूक माझी होती."

"व्हय," छबूबाई म्हणाल्या. "आता गाईचं बघा."

मी हात आत घातला.

गाय आतून गरम लागत होती. वार गर्भाशयाच्या एकेका गाठीला धरून बसली होती. मी चाचपत पहिली गाठ सोडवली, मग दुसरी.

तिसऱ्या गाठीपाशी बोटं होती.

माझी नव्हती. माझा डावा हात बाहेर, गाईच्या पाठीवर होता. ही बोटं बारीक होती, उघडी होती. मोज्यातूनही नखं कळत होती. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये गाठ धरून ती हलकेच पिळत होती, जशी पिळायला हवी तशी.

मी हात थांबवला. ती थांबली नाहीत.

एकेक गाठ सुटत गेली. तर्जनीवर आडवा, जाड वण होता. तो दोनदा माझ्या तळव्याला घासून गेला.

"काय झालं?" छबूबाईंनी विचारलं.

"सुटतेय," मी म्हणालो.

वार अख्खी बाहेर आली. कुठे तुटली नव्हती.

मी मोजे काढले. चिमटीत धरून, उलटे करत, एकात एक. हात कोरडे होते. छबूबाईंनी हौदातून बादली भरून आणली, वडीचा साबण दगडावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

गाईने मान वळवली. माझ्या डाव्या बाजूला कुणी नव्हतं, तिथे तिने जीभ बाहेर काढली आणि हवेत फिरवू लागली. सावकाश, माणसाचा हात चाटावा तशी. आधी तळव्याएवढी जागा, मग बोटांच्या मधल्या फटी.

मी साबण उचलला आणि त्या बाजूला धरला. मग तांब्या भरला.

"धू," मी म्हणालो. "मनगटापर्यंत. नीट धू."

तांब्या कलता केला. पाणी खाली फरशीवर पडायला थोडा वेळ लागला.