श्वासबंडी

सकाळच्या पाळीचा भोंगा झाला आणि फौंड्रीच्या फाटकाशी गूळ वाटायला सुरुवात झाली. प्रत्येकाच्या तळहातावर सुपारीएवढा खडा. गुळानं घशातली धूळ उतरते, असं इथं सगळेच मानत. कंपनीचे डॉक्टर हेरलेकर तसं सांगत आले होते. कुणी मास्क मागितले की ते हसून गूळ वाढवून द्यायचे.

आज फाटकाच्या आत आरोग्य खात्याची निळी गाडी उभी होती. गाडीत सारिका सुतार, आणि खुंटीला टांगलेली श्वासबंडी.

बंडी दिसायला साधी होती. अस्तरात तेवढे बारीक पट्टे. एखाद्या कामगाराच्या श्वासाचा ठसा तिच्यात भरला की घालणाऱ्याची छाती त्या कामगाराइतकीच फुगायची. बंडीला जोडलेला नाकातोंडावरचा मुखवटा हवाही तेवढीच सोडायचा. कामगारांना ‘फिट’ दाखले देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला वर्षातून एकदा, पाच मिनिटं, ती घालावी लागेल असा नवा नियम होता. ठसा निवडायचा तो बंडी चालवणाऱ्यानं.

सारिकानं निवडला होता. ठशावर फक्त आकडा होता. नाव तिच्या ओठांत होतं.

तिचा नवरा विलास इथंच सहा वर्षं वाळूचे साचे फोडायचा. त्याच्या कपड्यांतली वाळू ती रोज अंगणात झटकायची आणि गुणगुणायची,

साच्यातली वाळू बाई, वाऱ्यासंगं घरी येती
माझ्या राजसाच्या उरी, जातं मांडून बसती

तेव्हा ते नुसतं गाणं होतं. पुढं छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं. ती धूळ पिठाहून बारीक. गूळ जातो पोटात, ती बसते फुप्फुसात, आणि फुप्फुस वाळल्या कातड्यासारखं आखडत जातं. तरी सलग तीन वर्षं हेरलेकरांचा दाखला होता, फिट. विलासच्या शेवटच्या आठवड्यात श्वासाचा ठसा घ्यायला खात्याची माणसं आली तेव्हा तो म्हणाला होता, "घेऊन ठेवा. कुणाच्या तरी मापाचा निघंल."

हेरलेकर गाडीत चढले ते घड्याळ बघतच. लवकर आटप म्हणाले, बाहेर चाळीस जण तपासायचे होते. विलासबरोबर ती त्यांच्यासमोर उभी राहिली होती, पण त्यांनी तिला ओळखलं नाही. सहन झालं नाही तर बाकावर दोनदा थाप मारा, मी थांबवीन, हे तिनं नियमाप्रमाणे सांगितलं. मग पट्टे आवळले.

पहिलं मिनिट ते हसत होते. दुसऱ्यात खांदे वर ओढून हवा शोधू लागले. तिसऱ्यात बाकावर थाप पडली. दोनदा. मग पुन्हा दोनदा.

विलास खाटेच्या लोखंडावर अशीच थाप मारायचा.

सारिकानं गुळाच्या डब्यातून एक खडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"गूळ घ्या, डॉक्टरसाहेब. धूळ उतरते."

मुखवट्यावरचे डोळे तिच्याकडे वळले. आता त्यांनी ओळखलं. तिनं तपासणीचा कागद पुढं ओढला. त्यावर एक रकाना होता, प्रकृतीचा.

"फिट लिहू?"

त्यांनी मान हलवली. नाही, नाही.

"आमचे हेही अशीच मान हलवायचे," सारिका हळू म्हणाली. "तुम्ही कागदाकडं बघत होतात."

पाच मिनिटं भरली. तिनं बटण दाबल्याशिवाय पट्टे सुटणार नव्हते. बाहेर चाळीस माणसं गूळ चघळत रांगेत उभी होती, हेरलेकरांच्या याच हाताच्या सहीची वाट बघत.

या श्वासावर विलासनं सात महिने काढले होते. सारिकाचं बोट बटणावर होतं. सहावं मिनिट सुरू झालं. पाच नियमाची होती. हे कुणाचं म्हणायचं?