नजराण्याचा कुमाईत

भिवकोटाच्या पूर्वकड्यावर तांबडे फुटले, तेव्हा खालच्या खोऱ्यात मोगल छावणीतल्या चुलींचा धूर साचून राहिला होता. त्या धुराला ताज्या रोट्यांचा वास होता, आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर तो वास तट ओलांडून वर आला की बुरुजावरचे पहारेकरी एकमेकांकडे न पाहता मुकाट्याने कमरेचे शेले आवळून घेत. पावसाळा सरला तेव्हा गडाला वेढा पडला, आणि आता रानातला पळस फुलून गळूनही गेला होता. अंबारखान्यात तळाची नाचणी उरली होती, तिलाही जाळी धरली होती. गवताची शेवटची गंजी संपल्यापासून पागेतले घोडे दावणीची लाकडे कुरतडत होते, एकमेकांच्या शेपट्या खात होते.

त्या पागेचा जुमलेदार होता सिदोजी वाघचौरे. रोज उजाडताना तो दावणीवरून फिरे, बसलेल्या जनावराला खांदा देऊन उभे करी, आणि जे उठतच नसे त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसून राही. मग तोच सुरी मागवी. हे काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिले नाही.

घोड्यांवर एवढा जीव असलेला हा माणूस कित्येक वर्षांत घोड्यावर बसला नव्हता. एके काळी सिदोजीच्या मांडेची तारीफ परमुलखात होई. पण नदीकाठच्या एका चकमकीत त्याचा घोडा तोफेच्या आवाजाने बिथरून कोसळला, उठला आणि उधळला. सिदोजीचा पाय रिकिबीत अडकला आणि नांगरट केलेल्या शेतातून तो फरफटत गेला. त्याचा धाकटा भाऊ बयाजी लगाम धरायला आडवा धावला आणि टापांखाली सापडला. सिदोजी वाचला. बयाजीचे तोंडसुद्धा ओळखू आले नाही. तेव्हापासून रिकिबीत पाय घालायची वेळ आली की सिदोजीच्या पिंढऱ्या थरथरू लागत. पागेतले बारगीर त्याच्या माघारी हसत, आणि ते हसतात हे त्याला ठाऊक होते.

त्या सकाळी गडाचा दरवाजा पांढऱ्या निशाणासाठी उघडला. खानाचा वकील तहाचे बोलणे घेऊन आला होता आणि त्याच्यामागून दोन मोतद्दार एक कुमाईत घोडा ओढून आणत होते. घोडा कसला, पाणीदार तांबूस रंगाचे, आखीव मानेचे, भरल्या पुठ्ठ्याचे देखणे जनावर! पागेतल्या हाडांच्या सापळ्यांपुढे तो उभा राहिला तेव्हा लोकांचे डोळे भरून आले.

किल्लेदार हैबतराव नलगे सदरेवर बसले होते. वडील वेढ्यात गोळा लागून गेल्यावर ऐन पंचविशीत ही जोखीम त्यांच्या अंगावर पडली होती. वकिलाने लवून मुजरा केला.

"खानसाहेबांनी कुराणावर हात ठेवून शपथ वाहिली आहे," तो म्हणाला. "माळावरच्या शामियान्यात उद्या सकाळी भेट व्हावी. कुणी आपल्या अंगाला हात लावणार नाही. माणसे, बायकापोरे, हत्यारे, सारे घेऊन आपण खुशाल निघून जावे. हा घोडा खानसाहेबांच्या स्वारीचा. आपण यावर बसून आलात, तर आपला भरवसा बसला असे ते समजतील. न बसलात तर..." त्याने वाक्य तसेच सोडले.

वकील उतरून गेला. गडाचे कारभारी मल्हारपंत पुढे झाले. "सरकार, माचीवर लेकरे पालापाचोळा शिजवून खातात. खानाने शपथ घेतली आहे. नजराणा नाकारून तह मोडू नये."

हैबतरावांनी माचीकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. घोडा सिदोजीच्या हवाली झाला.

सिदोजीने कुमाईताला पागेत बांधले, त्याच्या अंगावरून हात फिरवला, टापा उचलून पाहिल्या. खोड कुठे दिसेना. मग त्याने तोंड उघडून पाहिले. ओठांचे कोपरे फाटून, भरून, पुन्हा फाटून चामड्यासारखे निबर झाले होते. लगामाची ओढ या घोड्याला आता कळतच नव्हती. असा घोडा खान स्वारीला वापरील कशाला?

त्याच वेळी खाली छावणीत सकाळची नौबत झडू लागली.

कुमाईताचे कान ताठ झाले. तोंडाला लाळ सुटली. पुढच्या क्षणी त्याने अशी मुसंडी मारली की मागच्या पायांचे दोर मेखांसकट उपटून आले. सिदोजीने मोहरकी, तोंडावरचा दोर, धरली, पण त्याला तसाच उचलून नेत घोडा दाराच्या चौकटीवर आदळला. सिदोजीच्या बरगडीत कळ गेली, तरी त्याने पकड सोडली नाही. चौघे बारगीर धावून आले, तेव्हा कुठे जनावर आवरले. नौबत थांबली आणि घोडा गरीब गाईसारखा उभा राहिला. मात्र दाण्याचा तोबरा शोधावा तसे त्याचे तोंड सिदोजीच्या छातीवर फिरत होते.

सिदोजीला सारे उमगले. नौबत वाजली की दाणा, न वाजली तर उपास, असे या जनावराला महिनोन्महिने शिकवले होते. माळावर नौबत झडेल, घोडा स्वाराला घेऊन थेट छावणीत शिरेल, आणि खान साऱ्या जगाला सांगेल की मी शपथ मोडली नाही, किल्लेदार आपल्या पायांनी माझ्या गोटात आले.

बरगडी दाबून धरत तो सदरेवर गेला. "सरकार, त्या घोड्यावर बसू नका. एक आवाज ऐकला की तो बेफाम होतो. लगामाला जुमानत नाही."

मल्हारपंत हसले. "जुमलेदारांना प्रत्येकच घोड्याची धास्ती वाटते. अहो, नौबत काय आपल्याकडे वाजत नाही? तेवढ्याने घोडा बिचकतो म्हणून तह मोडायचा?"

सिदोजी त्यांच्याकडे वळला. "पंत, मी नौबतीचे नाव काढले नव्हते."

हैबतराव सावकाश उठले आणि त्यांनी पंतांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पडताच वृद्ध कारभारी मटकन खाली बसला.

"माझी लेक खानाच्या ठाण्यात अडकली आहे सरकार," पंत जमिनीकडे पाहत म्हणाले. "दोन नातवंडे आहेत. एका घोड्यावर एका माणसाने बसायचे, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते."

पंतांना चौकीत बसवले. पण त्याने गडाच्या पोटात अन्न पडणार नव्हते. आंबेखिंडीपलीकडे सरलष्कर निळोजीरावांची फौज होती, मात्र गड केव्हाच पडला अशी हूल खानाने उठवून दिली होती आणि खरी बातमी घेऊन उतरलेला एकही जासूद पोचला नव्हता. पायी जाणारा मोर्च्यांत पकडला जाई. घोड्यावरून जावे, तर पागेतला एकही घोडा माळ ओलांडू शकला नसता.

"एक घोडा आहे," सिदोजी म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "उद्या छावणी त्याला वाट करून देणार. त्याला कुणी अडवणार नाही, कुणी बाण सोडणार नाही. आत शिरल्यावर दाण्यापाशी न थांबता तो पलीकडून बाहेर काढता आला, तर पुढे खिंडीपर्यंत मोकळे रान आहे."

"आणि काढणार कोण?" हैबतरावांनी विचारले. "लगाम तर मानत नाही म्हणता."

"आपला मंदील आणि शेला मला द्यावा, सरकार."

हैबतराव त्याच्या पायांकडे पाहत राहिले. पाय थरथरत होते. सिदोजीने ते लपवले नाहीत.

"दुसऱ्या कुणाला धाडतो."

"दुसरा लगाम ओढील. ओढला की तो जास्त पळतो. मला घोड्याची भीती वाटते, तो आपल्याला आवरेल असे मला वाटतच नाही, म्हणूनच मी ओढणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला किल्लेदाराचा मंदील घालून, तोंडावर शेल्याचा पदर घेऊन सिदोजी कुमाईतापुढे उभा राहिला. त्याने खोगिराला हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला. नांगरटीची ढेकळे, बयाजीची हाक, सारे एकदम अंगावर आले. बारगीर पाहत होते. आज कुणी हसले नाही. अखेर हणगोजी नावाच्या जुन्या बारगिराने खाली वाकून आपला तळहात त्याच्या पायाखाली दिला आणि हळूच म्हणाला, "बसा, दादा." सिदोजी बसला.

दरवाजा उघडला. मोजके स्वार मरतुकडी घोडी हाकत त्याच्या मागे निघाले. गडावर अर्ध्या पोटी असलेला प्रत्येक जीव तटाला टेकून खाली पाहत होता. माळावरचा शामियाना दिसू लागला तसे सिदोजीने दोन्ही पाय रिकिबीतून काढून घेतले. पडलो तर पडू, पण फरफटत जायचे नाही. मग त्याने लगाम मानेवर मोकळा टाकला आणि आयाळ मुठीत धरली.

नौबतीवर पहिली टिपरी पडली.

कुमाईत बाणासारखा सुटला. शामियाना डाव्या हाताला मागे गेला, त्याच्या दारात उभा असलेला खान क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. मोर्च्यातले शिपाई दोन्ही बाजूंना सरून हसत वाट देत होते, "आला, आला!" असा गलका उठत होता. वाऱ्याने सिदोजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो मोठमोठ्याने भावाचे नाव घेत होता, हे त्याचे त्यालाही कळत नव्हते. मागे गडाचे स्वार माघारी वळून दरवाज्यात शिरले आणि दरवाजा धाडकन बंद झाला.

नौबतखान्यापाशी एक मोतद्दार भरला तोबरा घेऊन उभा होता. घोड्याची चाल मंदावू लागली. हीच घडी होती. सिदोजी मानेवर पालथा पडला, त्याने शेल्याचा पदर घोड्याच्या उजव्या डोळ्यावर घट्ट दाबून धरला आणि टाचा रुतवल्या. उजवीकडचे जग अंधारले तसे जनावर भेदरून डावीकडे वळले, तोबरेवाल्याला उडवून तंबूंच्या दोऱ्यांत घुसले. एक तंबू कोसळला. बांधलेली घोडी दावी तोडून उधळली. आता आरडाओरडीचा सूर पालटला होता, आणि पहिला बाण सिदोजीच्या कानाजवळून गेला तेव्हा तो छावणीच्या पिछाडीच्या मेखा ओलांडत होता.

पुढचे रान दगडांचे होते. कुमाईताच्या पुठ्ठ्यात एक बाण रुतला होता. तरी तो धावत राहिला, कारण धावण्याखेरीज त्याला आता काहीच कळत नव्हते. थांबवावा म्हटले तरी तो थांबला नसता. आंबेखिंडीचा चढ लागला. वर मराठ्यांची चौकी, भगवे निशाण, उठून उभी राहिलेली माणसे दिसली, आणि तेवढ्यात सैल गोट्यांवरून घोड्याचे पुढचे दोन्ही पाय निसटले. सिदोजीला अंग बाजूला टाकता आले नाही. घोड्याचे सारे ओझे त्याच्या डाव्या मांडीवर आले आणि हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

चौकीवाले धावत आले तेव्हा तो घोड्याखाली अडकलेला होता. "भिवकोट पडला नाही," तो म्हणाला. "निळोजीरावांना सांगा. गड अजून आपलाच आहे. माणसे उपाशी आहेत." मग त्याने घोड्याच्या पुढच्या पायांकडे पाहिले. दोन्ही मोडले होते. "आधी याला सोडवा," म्हणत त्याने एका चौकीवाल्याच्या भाल्याकडे बोट केले. "याने कुणाचे काही वाकडे केले नाही. दाण्यासाठी धावला."

निळोजीरावांची फौज त्याच रात्री हलली आणि उजाडताना खानाच्या पिछाडीवर तुटून पडली. दुपारपर्यंत छावणी मोडली, मोर्चे ओस पडले, आणि खान तोफा टाकून निघून गेला. मल्हारपंतांना हैबतरावांनी कडेलोटाची शिक्षा दिली नाही. निळोजीरावांच्या स्वारांनी ठाणे घेऊन लेक आणि नातवंडे सोडवून आणली. त्यांच्यासह पंतांना मुलखाबाहेर घालवून दिले. म्हातारा जाताना गडाकडे वळून पाहू शकला नाही.

मांडीला फळ्या बांधलेल्या सिदोजीला डोलीतून गडावर चढवले. दरवाज्यात लोकांनी जयजयकार केला, बायकांनी ओवाळले. पण त्याचे कान पागेकडे होते. तिथून हसण्याचा आवाज येत होता. उपाशी घोड्यांचे पांग फेडायचे म्हणून बारगिरांनी छावणीत सापडलेली हरभऱ्याची पोती दावणीत ओतली होती.

"काढा तो दाणा!" सिदोजी डोलीतून ओरडला. "रिकामी आतडी आहेत रे! पोटशूळ उठेल! काढा म्हणतो ना!"

फार उशीर झाला होता. दिवस कलेपर्यंत घोडी लोळू लागली, पोटाकडे मान वळवून कण्हू लागली. ज्यांनी सारा वेढा काढला, ती जनावरे सुटकेच्या दिवशी एकेक करून आडवी झाली. हणगोजी भिंतीला डोके टेकून लहान मुलासारखा रडत होता. त्याला कुणी बोल लावला नाही.

कोपऱ्यात चिमणी नावाची एक पांढुरकी घोडी तेवढी उरली. इतरांच्या रेट्यात तिला दाण्यापर्यंत पोचताच आले नव्हते, पण आता तिला उठवतही नव्हते. सिदोजीने आपली डोली तिच्यापाशी ठेववली. हैबतराव स्वतः ओले गवत निवडून देत, आणि सिदोजी ते चिमूट चिमूट तिच्या ओठांत सरकवी. ती चघळायची, थांबायची, डोळे मिटायची.

उजाडता उजाडता सिदोजीचा डोळा लागला आणि एकदम तो किंचाळून जागा झाला. चिमणीने मान लांबवून त्याच्या दंडाचा करकचून चावा घेतला होता. अंगरखा फाटला होता, रक्त आले होते, आणि ती आपल्या चारी पायांवर उभी होती.

"सरकार!" सिदोजी हसत होता आणि त्याच्या दाढीतून आसवे ओघळत होती. "चावली बघा! चावली!"