पाण्यात सरकलेला खांब

"खांब चोरला नाही, सरकवलाय," सारीनआजी म्हणाली. "पार पाण्यात नेऊन रोवलाय मेल्यांनी."

नोम पेन्हच्या या तळ्याची हद्द त्या सरकारी खांबापासून मोजत. खांब आत गेला की नकाशावर तळं आक्रसायचं आणि मागची जागा वाळूने भरून विकायला मोकळी व्हायची. उद्या नवा नकाशा व्हायचा होता. आजीची पाण्यात वाढणारी नाळीची भाजी नेमकी त्याच पट्ट्यात होती. बाकीची घरं मोबदला घेऊन केव्हाच उठली होती. काठावर उरले होते आजी आणि तिचा मुलगा वुथा.

"खांब उपटा," आजीने बोलावलेली गुप्तहेर विचेत्रा म्हणाली.

"आधी त्या कंत्राटदाराला उपटू!" तिचा जोडीदार कोसाल गुरगुरला. पोलिसातून निवृत्त झाला, तरी तपासाआधी निकाल लावायची सवय काही सुटली नव्हती.

खांब उपटल्यावर खड्ड्याच्या तळाशी उदबत्तीच्या काड्या आणि विड्याचं हिरवं पान निघालं.

कंत्राटदार लिम परदेशातून आलेला. "देवदेवता मी मानत नाही. नकाशा द्या, वाळू टाकतो."

शहरातून आलेला मोजणीदार रिथी मात्र हात जोडूनच बोलला. "जागेच्या देवतेला विचारल्याशिवाय मी माती उकरत नाही. आल्या दिवशीच दारूची बाटली ठेवली."

"दारू?" आजी कडाडली. "आमच्या तळ्याची देवता म्हातारी बाई आहे! तिला विडा लागतो."

वुथा चिडलाच. "आईच्या पायांवरच्या जखमा बघा. गटाराचं पाणी आहे हे. आणि तुम्ही खांबाचा कसला तपास करताय!"

"रिथीच तो," कोसाल म्हणाला. "उदबत्ती त्याचीच."

"मग विडा कुणाचा?" विचेत्रा म्हणाली. "त्याने तर दारू ठेवली. लिम कुणाची परवानगीच मागत नाही. उठून गेलेल्यांना आता यातून काही मिळायचं नाही. खांब हलवणाऱ्याला तळ्याच्या म्हाताऱ्या देवतेची आवड ठाऊक होती, आणि तिला न विचारता खणायची हिंमत नव्हती. आजींनी हलवला असता, तर मला कशाला बोलावलं असतं?"

वुथाने मान खाली घातली. "जागा मोकळी झाली की लिमची कंपनी पक्कं घर देतेय, आई. तुझे पाय सडले गं त्या घाणीत."

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला राग आला होता आणि मायाही दाटून आली होती.

"पाय माझे आहेत, त्यांचं मी बघेन. तळं माझं नाही, तुझंही नाही. लोकांचं देऊन घर घेतोस होय रे?"

तिने वाकून खांबाचं एक टोक उचललं.

"धर तिकडून."