राबाचा धूर

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात डावीकडे बसावं की उजवीकडे, हा प्रश्न मी भूमितीच्या उदाहरणासारखा सोडवला. २०१८ चा एप्रिल होता. दुपारचं विमान उत्तरेकडे जाताना ऊन डाव्या खिडक्यांवर येतं, म्हणून उजवी बाजू. पंखामागे इंजिनाच्या तप्त हवेमुळे खालचं दृश्य थरथरतं, म्हणून पंखाच्या पुढची ओळ.

मी डहाणूच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. खिडकी हवी होती ती आमच्या प्रयोगशाळेतल्या जिजाला. उपकरणं दुरुस्त करण्याच्या प्रशिक्षणासाठी आम्ही दोघी निघालो होतो. तिला दिल्लीचं काही नव्हतं, कासाच्या पुढचा आपला पाडा वरून बघायचा होता. घरी तिची आई बायजी तापाने पडली होती, आणि तिला सोडून यायला जिजा तयार नव्हती. म्हणून आदल्या दिवशी मी पाड्यावर गेले.

"मास्तरीणबाई, इमान आमच्या डोक्यावरूनच जातं ना?" बायजीने पडल्या पडल्या विचारलं.

"किंचित पश्चिमेकडून. पण पाडा दिसेल."

"मंग मी राब पेटवते. धूर दिसला का समज जिजा, आये उठून कामाला लागली. आणि खिडकीत बसून घोरू नको."

भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून ते पावसाआधी जाळतात, तो राब. जिजाने पाला आधीच पसरून ठेवला होता. फक्त काडी लावायची होती.

"धूर नाही दिसला तर मी तिथेच उतरेन," जिजा म्हणाली.

"उतर. इमान म्हंजे काय कासाची जीप हाय?" म्हातारी हसली, आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

विमान वर चढलं. हवा स्वच्छ होती. हायवे, चारोटीचा नाका, लांबवर सूर्या धरणाचं पाणी, मग महालक्ष्मीचा सुळका. माझा हिशेब बरोबर आला होता. खाली पाड्यापाड्यावर राब जळत होते. धुराच्या निळसर रेघा सरळ वर येत होत्या.

"तो आमचा ओढा," जिजा म्हणाली. "ती चिंच."

"इतक्या उंचीवरून झाड ओळखू येत नाही, जिजा."

"येतंय. घराचं दार उघडं आहे, मॅडम. धूर नाही."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. झाड मला दिसलं नाही. पण ओढ्याच्या त्या वळणावर धुराची रेघ नव्हती, हे मलाही दिसलं.

"मॅडम, मला उतरू द्या."

जीपवाल्याला सांगावं तितक्या साधेपणाने ती हे म्हणाली. मग तिने कपाळ काचेला टेकवलं.

पाडा मागे गेला. ती सावकाश मागे टेकली. मी बोलत राहिले: संध्याकाळी रविंद्रला फोन करू, पाला ओला असेल, आई झोपली असेल. रविंद्र तिचा भाऊ. जिजाने उत्तर दिलं नाही. चहा आला, तोही तिने पाहिला नाही. डोळे उघडे होते. मी नाडी पाहिली. संथ, पण नियमित.

तिचा पट्टा मघाशी पोटावर घट्ट होता. आता तो सैल पडला होता. कडी बंदच होती.

दिल्लीला चाकं टेकली. मी तिच्या पर्समधला फोन काढून चालू केला, आणि तो लगेच वाजला.

"मॅडम, तुम्ही?" रविंद्र होता. "हिचा फोन तुमच्यापाशीच राहिला वाटतं. टेकाडावर चढून बोलतोय, घरात रेंज नाही. बरं केलंत, हिला परत धाडलंत."

"कुणाला?"

"जिजाला. मी तलासरीहून कामावरून आलो तर ही आयेच्या उशाशी बसलेली. आये तापाने फणफणली होती हो."

मी शेजारी पाहिलं. जिजा खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"बोलत नाही कुणाशी," रविंद्र सांगत होता. "पण हात बर्फासारखे गार आहेत हिचे. एवढ्या उन्हात! आयेने तोच हात कपाळावर धरून ठेवलाय, सोडतच नाही. ताप उतरतोय, मॅडम."

लोक उठून बॅगा काढत होते. मी जिजाचा हात हातात घेतला.

मनगट नेहमीसारखं होतं. तळवा कढत होता.