फुकटची अंगाई

कारेगावच्या त्या गल्लीत दुपारी कुणी मोठ्यानं बोलत नाही. रात्रपाळीची माणसं खिडक्यांना पुठ्ठे लावून झोपलेली असतात. कुकर शिट्टीला आला की बायका धावत जाऊन गॅस बंद करतात. मेहक मात्र नेमकी याच वेळी बोलायची. आवाज घुमू नये म्हणून उघड्या कपाटात गोधड्या टांगून, त्यांच्यात तोंड घालून, ती लहान मुलांसाठी गोष्टींचा पॉडकास्ट करायची. अडीच वर्षांची सुहाना पायाशी डबे-झाकणं मांडून बसे. ती अजून एक शब्द बोलली नव्हती. बोलेल, घाई काय, असं सगळे म्हणत. दुनियेच्या पोरांना गोष्टी सांगते आणि स्वतःचीच गप्प, हे मेहक आपलं आपणच म्हणून घ्यायची.

गोष्टीच्या मागे अंगाई हवी होती. मेहक स्वतः गायली असती तर झोपलेलं मूल उठलं असतं. म्हणून इंटरनेटवर शोधणं आलं. एका ठिकाणी रीतसर परवान्याचं संगीत होतं. त्याची फी बघून तिनं लॅपटॉप अर्धा मिटला. दुसरीकडे फुकट. एका बाईची नुसती गुणगुण, शब्दच नाहीत. खाली एकच अट : वापरा, पण शेवटी माझं नाव सांगा. नावाची जागा कोरी.

"फुकट ते पौष्टिक," कामावर निघालेला तिचा नवरा सैफ हसला. "नावच न्हाई, तर सांगणार काय? लाव बिनधास्त."

तिनं लावली. आणि त्याच दुपारी सुहाना गुणगुणली. घोगरी, पण सुरात. मेहक गोष्ट अर्धवट टाकून नुसती बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात जिन्यात घरमालकीण विठाबाई भेटल्या.

"पोरीला गळा हाय गं. आन् तुलाबी. मायलेकी गाता तवा मी टीव्ही बंद करते."

"मी नाही गात, मावशी. रेकॉर्ड लावलेलं असतं."

विठाबाई कठडा धरून थांबल्या. "रेकॉर्ड मधीच थांबून 'नीज गं बाय' म्हनतं व्हय?"

मेहकनं वर येऊन अंगाई पुन्हा पुन्हा ऐकली. शब्द कुठेच नव्हते. फक्त सूर तुटायचा तिथं कुणीतरी श्वास घ्यायचं. आणि गोधड्यांना वास येत होता... बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा, शेगडीवर टाकलेल्या ओव्याच्या धुरीचा.

तिनं त्याच संध्याकाळी पैसे भरले. परवान्याचं संगीत स्वच्छ होतं, नावगाव न विचारणारं. वास गेला. सुहानाचा आवाजही गेला. डबे सोडून ती गोधड्यांना कान लावून बसू लागली. मेहकनं घास पुढं केला, तर पोरं अनोळखी पाहुण्याकडे बघतात तसं सुहानानं तिच्याकडे बघितलं.

मेहक विचार करत राहिली. विकत घेतलेल्याचा हिशेब तिथल्या तिथं मिटतो. फुकटातलं मागत राहतं. पण मागतंय तरी काय? एक नाव. तेवढ्यावर पोर बोलणार असेल, तर... नाहीतरी आई म्हणून आपण कुठंतरी कमी पडतोय, हे तिनं कधीच मान्य करून टाकलं होतं.

मग एका दुपारी तिनं जुनीच अंगाई लावली. सुहाना येऊन मांडीला टेकली. गोष्ट संपली. मेहक माइकवर वाकली, हळू आवाजात म्हणाली, "संगीत..." आणि अडली. कुणाचं सांगायचं?

"अम्मी," सुहाना म्हणाली.

पहिला शब्द, अगदी स्पष्ट. मेहकला हुंदका आवरेना. रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला आणि लेकीला छातीशी घेतलं. सुहाना हसत होती. मेहकच्या खांद्यावरून, मागच्या गोधड्यांकडे बघत.

संध्याकाळी सैफ आला तेव्हा तिनं ते त्याला ऐकवलं. "संगीत..." "अम्मी." सैफनं बाहीनं डोळे पुसले. "आवाज वाढवून लाव की परत."

"संगीत..."

"अम्मी."

आणि मग, माइकच्या अगदी जवळून, लाडात आलेला बाईचा आवाज. "ओ..."

"किती मायेनं ओ दिलीस गं," सैफ म्हणाला.

मेहकच्या तोंडात तर तेव्हा बोळा होता. ओढणीची ओल अजून तिच्या ओठांना जाणवत होती.

आतल्या खोलीतून सुहानानं हाक मारली, "अम्मी."

मेहकनं तोंड उघडलं, पण ओ दिली नाही. आधी कोण देतंय, ते ऐकत बसली.